निरगाठ

३ फेब्रुवारी

भावजी,

पत्राला बसले आणि डोक्यावरून विमान गेलं, त्यामुळे वर तुमचा मायना जरा वाकडा पडलाय. सरळ करून घ्या, मी पुन्हा लिहायची नाही. चौथी शिकलेल्या वहिनीकडून एकदाच मिळतो.

ती विमानं तुमच्या जहाजावरची की दुसऱ्या कुणाची, मला काय कळतंय! मी सगळी तुमच्याच नावावर घालते. आज सकाळपासून अठ्ठावीस झाली. सूनबाई मोजते आणि मी शिव्या देते, अशी कामं वाटून घेतलीयत. कोंबड्यांनी अंडी बंद केलीत. तांबडी तर खुराड्यात भिंतीकडे तोंड करून बसलीय, लग्नात कुणी विचारलं नाही अशा आत्यासारखी.

धक्क्यावर कागद चिकटवलाय. अठ्ठावीस तारखेपर्यंत नौदलाचा सराव, समुद्रात सुरुंग टाकणार आणि मग ते शोधणार, होड्यांनी खडकापलीकडे जायचं नाही. टाकायचे आणि शोधायचे! अहो, मी चष्मा रोज असाच टाकते आणि शोधते, मला कुणी पदक दिलं नाही अजून.

तुमचा पुतण्या दारात बसून दाढीचे केस उपटतोय. सहा फुटांचा झाला तरी बारक्या तो बारक्याच. लग्नाला आठ महिने झाले, पण घरी बसायची सवय नाही, बायकोच्या मागे मागे फिरतो आणि चहाच्या पातेल्यात डोकावतो. तिनं काल पळीनं हाणलं. मला बरं वाटलं, माझा हात आता दुखतो.

खरं सांगा, ते सुरुंग फुटतात का? मला स्वप्नं पडतात. तुमचे दादा असते तर तुमचा कान धरून खरं काढून घेतलं असतं. ते गेल्यापासून सहा वर्षं तुमचे कान मोकळेच सुटलेत.

तुमची,
वहिनी


११ फेब्रुवारी

ती. वहिनींस नमस्कार.

मायना सरळ करून घेतला. उशीर झाला कारण सराव संपेपर्यंत फोन जमा करून घेतलेत, आणि टपालाची पिशवी हेलिकॉप्टर आठवड्यातून एकदाच नेतं-आणतं.

सूनबाईला सांगा, अठ्ठावीस नाही, त्या दिवशी एकशे चार उडाली. खंड पडू द्यायचा नाही असा हुकूम आहे. एक उतरलं की दुसरं निघालं पाहिजे. माझं काम तेच. उतरलेलं विमान साखळ्यांनी जहाजाला बांधायचं, उडायच्या वेळी सोडायचं. दादा म्हणायचा, गुरं बांधायचा कंटाळा म्हणून पळालास आणि शेवटी दावणीवरच लागलास. सकाळी आम्ही दोनशे जण खांद्याला खांदा लावून, वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. एखादा स्क्रू, चिंधी, काही पडलं असेल तर उचलायचं. तेवढ्यानंही इंजिन खलास होतं. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, एवढे पुरुष एका वेळी केर काढताना जन्मात पाहिले नाहीत.

आता सुरुंगांचं. सांगतो, पण तोंड बंद ठेवा. ते खोटे आहेत. आत दारू नाही, सिमेंट भरलंय. वजन मात्र खऱ्याएवढं, एकेक म्हणजे म्हैस. तळाशी टाकायचे आणि दुसऱ्या जहाजांनी हुडकायचे, एवढाच खेळ. वरून नांगर आपटला तरी फुटायचे नाहीत. तेव्हा स्वप्नं बघणं बंद करा.

तरी बारक्याला अठ्ठावीसपर्यंत घरी बसवा. बंदी ती बंदी.

आपला,
धाकटा दीर


१७ फेब्रुवारी

भावजी,

सिमेंटच्या म्हशी समुद्रात सोडायच्या आणि मग 'पाहिलीत का हो आमची म्हैस' करत फिरायचं! आणि हे करायला तुम्ही घर सोडून गेलात.

मी तोंड बंद ठेवलं होतं. अर्धा दिवस ठेवलं. मग बारक्याच म्हणाला, "आई, बरं नाही का वाटत? गप्प का आहेस?" पोरानं एवढ्या काळजीनं विचारल्यावर सांगावंच लागलं. तो जो उठला तो होडीकडेच. परवा पहाटे धुक्यात एकटाच गेला. बाकीचे हातावर हात ठेवून बसलेत, त्यांना मी सिमेंटचं सांगितलेलं नाही. तुमचा शब्द तेवढा पाळला.

दुपारी आला तो होडी काठोकाठ भरून. दोन आठवडे कुणी जाळं टाकलेलं नाही, मासळी माजलीय नुसती. सूनबाई धक्क्यावर गेली होती, येताना दोघं एकच टोपली दोन्ही बाजूंनी धरून आली. टोपली एका हातानं उचलण्यासारखी होती. मी काही बोलले नाही. म्हणजे थोडंसंच बोलले.

बुधवारी पुन्हा जाणार म्हणतो. म्हटलं जा, पण मागच्या वर्षीसारखं जाळं समुद्राला देऊन येऊ नकोस. तुम्हाला लिहिलं होतं ना, जाळं खडकात अडकल्याबरोबर यानं सुरगाठ ओढून दोर सोडून दिला, आणि मी सहा महिने विणलेलं जाळं घालवून शीळ वाजवत घरी आला. तेव्हापासून मी त्याला दानशूर म्हणते. बायकोसमोर म्हटलं की कान लालबुंद होतात. कान तुमच्या घराण्याचेच, मोठे.

तब्येत सांभाळा. केर नीट काढा.

वहिनी


२१ फेब्रुवारी

भावजी,

बारक्या बुधवारी पहाटे गेला तो आला नाही. आज शुक्रवार.

धक्क्यावरचा माणूस म्हणतो, बंदीत गेला ना, मग आम्ही काय करणार, कागद वर पाठवलाय. गावातली एकही होडी कुणी काढत नाही. सुरुंगाला भितात. मी आता दारोदार सांगत फिरतेय की आत सिमेंट आहे, फुटत नाही, तर म्हणतात पोराच्या काळजीनं म्हातारीचं डोकं फिरलं. आधी सांगितलं असतं तर चारजण त्याच्याबरोबर गेले असते.

तुमची विमानं वरून जातायत. सूनबाईनं मोजणं सोडलं. एवढी शंभर शंभर उडतात, त्यातलं एक, एकच, जरा खाली बघत गेलं तर काय होईल? तुमच्या साहेबाला सांगा, निळी होडी आहे, पुढे पांढरा पट्टा. अंगात पिवळा शर्ट. उंच आहे, लांबून दिसेल.

वहिनी


१ मार्च

ती. वहिनींस,

तुमची दोन्ही पत्रं मला एकाच पिशवीतून मिळाली, परवा. आधी टोपलीचं वाचून हसलो. मग दुसरं फोडलं.

तसाच साहेबांकडे गेलो. वहिनी, होडी सापडलीय. आपलीच आहे, मला फोटो दाखवले. सुरुंग शोधायला बुडी मारणाऱ्या माणसांना, पाणबुड्यांना, तळाशी दिसली. जाळं एका सुरुंगाला अडकलं होतं.

पण नीट ऐका. होडीत बारक्या नाही. मागच्या कडीला दोर सुरगाठीनं बांधलेला होता, दादानं आम्हाला शिकवली तशी, आणि गाठ सुटलेली होती. म्हणजे त्यानं वेळेवर ओढली. होडी नंतर पाणी भरून खाली गेली असेल, पण तो आधीच बाहेर पडला. त्या बाजूनं मोठी मालवाहू जहाजं जातात. पाण्यात माणूस दिसला तर वर घेतात आणि पुढच्या बंदरात उतरवतात. तिथून बातमी यायला महिना-दोन महिने लागतात. असं मी पाहिलंय.

सूनबाईला धीर द्या. जेवत जा.

आपला,
दीर


९ मार्च

भावजी,

पत्र आलं तेव्हा सूनबाई समोरच होती. तिला वाचून दाखवलं. गाठ सुटली होती इथपर्यंत आले आणि तिनं माझ्या हातातून कागद ओढला, स्वतः दोनदा वाचला, आणि उठून त्याचे कपडे धुवायला घेतले. धुतलेलेच होते. पुन्हा धुतले.

आता रोज सकाळी धक्क्यावर जाते. येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या माणसाला विचारते, एक उंच माणूस उतरवलात का कुठं. लोक आधी बसवून बोलायचे, आता तिला बघून वाट बदलतात. तिचा भाऊ न्यायला आला होता. चार दिवस राहिला, हात जोडले. ही म्हणते, ते घरी आले आणि मी नसले तर? तो रिकामाच गेला. पुन्हा येणार आहे.

जेवते म्हणावं तर त्याचं ताट वाढून ठेवते आणि मग त्यातलंच उचलून खाते.

भावजी, फोटोत गाठ तुम्ही नीट बघितलीत ना? स्वतः?

वहिनी


१६ मार्च

ती. वहिनींस,

होय, स्वतः बघितली. सुरगाठच होती, सुटलेली होती. जास्त विचार करू नका.

सराव वाढवलाय, हात रिकामा नसतो म्हणून एवढंच.

दीर


२५ मार्च

भावजी,

तुम्ही लहानपणी खोटं बोलायचात तेव्हा उत्तर एका दमात द्यायचात आणि लगेच कामाला लागायचात. मी या घरात आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात. मला शिकवू नका.

बुधवारी पहाटे तो निघाला तेव्हा मी धक्क्यापर्यंत गेले होते. सूनबाई घरी होती. त्यानं दोर कडीला बांधला, दादांची सुरगाठ, एक टोक लोंबतं. मी म्हटलं, "झालं, दानशूरांनी फीत बांधली. माशानं शेपटी हलवली की सुटेल." तो हसला. म्हणाला, "आई, सुरगाठच मारायची असते, बाबांनी सांगितलंय." मी म्हटलं, "बाबांनी जाळं विणलं नव्हतं, मी विणलंय. आणि भ्यायचं कुणाला? तळाशी म्हशी आहेत, त्या काय चावतात?" आणि मी होडीत पाय टाकून माझ्या हातानं ती सोडली आणि निरगाठ मारली. एकावर एक, तीन. आणि वर पाणी ओतलं, म्हणजे दोर फुगून गाठ बसते. म्हटलं, "आता दे दान." तो म्हणाला, "म्हातारे, तू ना!" आणि गेला.

ती गाठ सुटणार नाही भावजी. दातांनी नाही, नखांनी नाही. तुम्ही सुटलेली बघितलीत म्हणता, म्हणजे तुम्ही काय बघितलंत ते मला कळलं. पहिल्याच पत्रात कळलं होतं. पण सूनबाईच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते बघून मला पुढे बोलता येईना. तुमचं खोटं मी पंधरा दिवस तिला खाऊ घातलं.

आता पुरे. तिचं वय बावीस. ती त्या धक्क्यावर म्हातारी होईल. जे आहे ते लिहा. तिच्यासाठी एक कागद वेगळा लिहा, तिला देण्यासारखा. त्यात गाठीचं काढू नका. ते मी सांगणार. माझं मी सांगेन.

वहिनी


३ एप्रिल

ती. वहिनींस,

सूनबाईचा कागद आत घडी घालून ठेवलाय. त्यात एवढंच लिहिलंय की तो गेला, ते नक्की आहे, आणि तो वेळेवर सुटला हे मी खोटं लिहिलं होतं. हा तुमचा.

पाणबुड्या खाली गेला तो वीस तारखेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. होडी मागच्या अंगावर उभी राहिल्यासारखी होती. जाळं सुरुंगाला, दोर ताठ, कडी वाकलेली; प्रवाहानं ओढली तशी मागून पाणी भरून खाली गेली असणार. बारक्या तिथंच होता. पाय दोराच्या वेटोळ्यात. दोर अर्धा कापलेला होता, हातात सुरी होती.

पाणबुड्याची खाली राहायची वेळ संपली म्हणून तो वर आला. त्यानं सांगितलं की माणूस आहे. पण त्या दिवशी विमानं उडत होती, आणि विमानं उडत असताना जहाजाला वाऱ्याच्या तोंडाला धावत राहावं लागतं, बाकीची जहाजंही त्याच्याबरोबर. खंड पडू द्यायचा नव्हता. गेलेला माणूस थांबू शकतो, असं कुणीतरी म्हणालं. कोण ते मला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी काय केलं असतं? चौथ्या दिवशी पुन्हा खाली गेले तेव्हा जाळं फाटलं होतं आणि तो नव्हता. प्रवाह आहे तिथं. मग कागदावर 'होडी, रिकामी' असं लिहिलं. मला फोटो दाखवले ते चौथ्या दिवसाचे. खरं काय ते त्याच संध्याकाळी त्या पाणबुड्यानंच मला गाठून सांगितलं. तोही झोपत नाही म्हणाला.

वीस तारखेला मी कुठे होतो ते मला आठवतंय. वरच होतो. त्याच्या डोक्यावर म्हणा. विमानं बांधत होतो आणि सोडत होतो.

सिमेंट आहे हे मी लिहिलं. फुटणार नाही असं लिहिलं. म्हैसभर वजनाची वस्तू तळाशी असली तर जाळ्याचं काय होईल, हे कोळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. मी फक्त दारूचा विचार केला. तेव्हा गाठीचं सगळं स्वतःवर घेऊ नका. आणि सूनबाईला नाही सांगितलंत तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही.

सराव संपला. कप्तानांनी भोंग्यावरून आभार मानले. उड्डाणांत एकदाही खंड पडला नाही म्हणून.

दीर


१५ एप्रिल

भावजी,

कागद दिला. तिनं उभ्यानं वाचला, मग खाली बसून वाचला. रडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं ताट मांडलं नाही.

चौथ्या दिवशी तिचा भाऊ आला. या वेळी गाडी घेऊनच. मी तिची ट्रंक भरून ठेवली होती. ठरवलं होतं की तो येईल तेव्हा दोघांसमोर सांगायचं, म्हणजे मग ती मागे वळून बघणार नाही. सकाळपासून तोंडातल्या तोंडात म्हणत होते, कुठून सुरू करायचं ते.

ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनंच विचारलं. "आई, त्यांना सुरगाठ येत होती ना हो? मग त्या दिवशी का नाही मारली?"

भावजी, माझ्याकडे आजवर प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. तुम्हाला माहितीय. मी म्हटलं, "घाई झाली असेल."

ती म्हणाली, "हो. माझ्यामुळेच घाई झाली असेल. आदल्या दिवशी मीच म्हटलं होतं, लवकर या."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिनं भावाकडे वळून सांगितलं, "मी येत नाही. आईंना आता माझ्याशिवाय कोण आहे?" आणि मी तोंड मिटलं. बोलले असते तर ती गाडीत बसली असती, आणि तिचं भलं झालं असतं, हे मला तेव्हाच कळत होतं. दिसत होती मला ती गाडीत बसलेली. आणि मागे रिकामं घर, त्यात मी. मिटलं ते मिटलंच. भाऊ गेला. तिनं ट्रंक उघडली आणि साड्या पुन्हा फळीवर लावल्या, आणि मी एकेक घडी तिच्या हातात देत होते.

आता ती मला भरवते. खरंच भरवते. माझे केस विंचरते. म्हणते, "आई, तुम्ही थट्टा का करत नाही हल्ली, घर खायला उठतं." जी माझ्यामुळे विधवा झाली तिच्याच हातचा घास मी गिळते, आणि तो गिळला जातो, भावजी. घशात अडकेल असं वाटायचं, नाही अडकत.

मला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. हे पत्र चार दिवस लिहितेय, ती बाजारात भाजी आणायला गेली की तेवढ्यात. पोस्टमनच्या हातात मीच देणार आहे. पण येणारी पत्रं यापुढे तीच फोडणार आणि मला वाचून दाखवणार, तसं म्हणालीय. तेव्हा यातलं काही पुन्हा लिहू नका. क्षमा मागू नका, माझी चौकशी करू नका. तुमचं ते पत्र मी चुलीत घातलं.

पुढच्या महिन्यात मी तुम्हाला पत्र लिहीन. मी सांगेन, ती लिहील. त्यात तुमच्या कानांबद्दल काहीतरी असेल, नाहीतर तुमच्या टकलाबद्दल. तुम्ही चिडल्यासारखं करून झकास उत्तर द्या, दोन पानं तरी. ती मोठ्यानं वाचेल आणि मध्येच हसेल, आणि मला तिच्याबरोबर हसावं लागेल. तेवढं जमवा.

वहिनी